अटकेच्या कागदावर नसलेले मूल

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरचे गाव. रेल्वे स्थानक, बाजार, शाळा, भोवती सोयाबीन-तुरीची शिवारे. इथे तुरुंग नाही. पोलीस ठाणे मात्र आहे, आणि या पुस्तिकेच्या विषयाला तेवढे पुरते. तुरुंगातल्या आयांविषयी लिहायचे म्हटले की लिहिणाऱ्याची नजर भायखळा नाहीतर येरवड्याकडे वळते. बराकीत किती गर्दी आहे, लेकराला दूध मिळते का, पाळणाघर आहे का, असे प्रश्न विचारले जातात. ते विचारायलाच हवेत. पण तोवर फार उशीर झालेला असतो. आईला कोठडीत घालायचे की नाही, घातले तर लेकरे कुणाकडे राहणार, हे ठाण्यातल्या अटकेच्या वेळी आणि दंडाधिकाऱ्यांपुढच्या पहिल्या तारखेला ठरून जाते. खरे तर ठरतही नाही, कारण तिथे हा प्रश्न कुणी काढतच नाही. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. कैदेतल्या आईला माणुसकीने वागवायचे असेल तर तिच्या मुलांची चौकशी अटकेच्या आणि जामिनाच्या टप्प्यावर झाली पाहिजे, आणि ती कुणाच्या दयेवर न सोडता नियमाने झाली पाहिजे. पुढच्या पानांतले कायदे, योजना आणि अर्जांचे नमुने या एका मागणीच्या आधाराला आहेत.

आकड्यांपासून सुरुवात करू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या कारागृह अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांत स्त्रिया 23,772, म्हणजे शंभरात जेमतेम चार. यांपैकी 1,537 स्त्रियांजवळ त्यांची मुले होती आणि त्या मुलांची संख्या 1,764 होती. एवढ्या मोठ्या देशात दोन हजारांच्या आतली मुले, मग त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणाला वाटेल. पण त्याच तक्त्याची पुढची ओळ वाचा. त्या 1,537 आयांपैकी 1,312 कच्च्या कैदी होत्या. खटला चालू आहे, गुन्हा शाबीत व्हायचा आहे, काहींवर तो कधीच शाबीत होणार नाही, अशा स्त्रिया. त्यांच्यासोबत 1,479 मुले होती. शिक्षा झालेल्या आयांजवळची मुले होती 230. याचा अर्थ, तुरुंगात वाढणाऱ्या दर सहा मुलांपैकी पाच अशा आयांची आहेत ज्यांना कोणत्याही न्यायालयाने अजून दोषी म्हटलेले नाही. ‘तुरुंगातली मुले’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जन्मठेपेची बाई उभी राहते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रश्न जामिनाचा असतो. जामीन मिळाला नाही, किंवा मिळाला पण भरता आला नाही, म्हणून मूल आत आहे.

शिवाय हा अहवाल फक्त आईसोबत आत असलेली मुले मोजतो. आई आत आणि मुले बाहेर, ही संख्या त्यात कुठेच नाही. सहा वर्षांवरचे मूल आत ठेवता येत नाही, आणि धाकटी असली तरी बऱ्याच आया लेकराला तिथे नेऊ इच्छित नाहीत. तेव्हा आईच्या अटकेने ज्यांचे घर मोडले, त्यांतली बहुतेक मुले या हिशेबाच्या बाहेरच राहणार. ती आजीकडे असतील, मावशीकडे असतील, आश्रमशाळेत असतील; थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्यांचे करत असेल आणि पंधरा-सोळाची झाली की घाईने लग्न लावून ‘जबाबदारीतून मोकळे’ व्हायचा विचार नातेवाइकांच्या मनात घोळत असेल. ज्याची मोजदादच नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. सरकारी कारभाराचा हा साधा अनुभव आहे.

आता ही वाट जऊळक्यापासून धरून पाहू. ठाण्याच्या हद्दीतली एखादी बाई घ्या. हातभट्टीच्या दारूचा गुन्हा असेल, सुनेच्या मृत्यूच्या प्रकरणात सासू किंवा जाऊ म्हणून नाव आले असेल, चोरीचा संशय असेल, किंवा नवऱ्याच्या खुनाचा आरोप असेल. सूर्यास्तानंतर तिला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. अटकेवेळी महिला पोलीस हवी आणि नातेवाइकाला कळवले पाहिजे. यातले बरेचसे आपल्याला एका पत्रकार बाईमुळे मिळाले आहे. शीला बरसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. त्यावरून फेब्रुवारी 1983 मध्ये न्यायालयाने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला शिपायांचा पहारा, नातेवाइकांना खबर आणि वकिलाची सोय, असे निर्देश दिले. डिसेंबर 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेविषयीचे आणखी अकरा निर्देश आले. अटकेचा कागद, साक्षीदाराची सही, वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट. ते अकराच्या अकरा वाचून काढले तरी एक ओळ सापडत नाही: या व्यक्तीवर अवलंबून असलेली लहान मुले आहेत का, आणि आज रात्री ती कुणाजवळ असतील? अंगावरच्या जखमांची नोंद होते, घरी रडत असलेल्या लेकराची होत नाही.

पुढे पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. वाशिम जिल्ह्यातल्या बाईचा प्रवास वाशिम किंवा अकोल्याच्या कारागृहापासून सुरू होतो आणि शिक्षा मोठी झाली की अमरावती-नागपूरपर्यंत जातो. महाराष्ट्राच्या नावावर फक्त महिलांचे असे कारागृह त्या अहवालात एकच दिसते. बाकी सगळीकडे पुरुषांसाठी बांधलेल्या तुरुंगाचा एक कोपरा म्हणजे महिला विभाग. जिल्ह्याच्या तुरुंगात स्त्रिया मोजक्याच, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी डॉक्टर, बालवाडी, पाळणाघर ‘परवडत नाही’. मोठ्या कारागृहात या सोयी असल्या तरी ते घरापासून लांब. मग मुलाखतीला कोण येणार? जऊळक्याहून अमरावतीला जाऊन यायचे म्हणजे एक रोजी बुडते, दोघा-तिघांचे भाडे लागते, आणि जाळीपलीकडून काही मिनिटांचे बोलणे होते. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असेल तर मुले सासरच्या ताब्यात असतात आणि सासर त्यांना भेटीला पाठवत नाही. त्यांच्या बाजूनेही ते समजण्यासारखे आहे. पण त्या मुलांचा बाप मेला आणि आई जिवंत असून नाहीशी झाली, हे दुहेरी नुकसान कोणत्याच कलमात बसत नाही.

आत आलेल्या मुलांसाठी न्यायालयाने काय केले, हेही सांगायला हवे, कारण या विषयातला पायाभूत कागद तोच आहे. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात 13 एप्रिल 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहील. त्याला कैदी समजायचे नाही. शक्यतो बाळंतपण तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे. जन्म आत झालाच तर दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंग लिहायचे नाही. बारसे करू द्यायचे. आहार, लसीकरण, पाळणाघर, बालवाडी पुरवायची, आणि पाळणाघर जमेल तिथे तुरुंगाच्या भिंतीबाहेर ठेवायचे. गरोदर बाईला पाठवण्याआधी त्या तुरुंगात किमान सोयी आहेत का, हे तपासायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रत्यक्ष कामातून तयार केलेला अहवाल या खटल्यात न्यायालयापुढे होता. मुंबईतला तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कोठडीतल्या लोकांसोबत काम करतो. दुसऱ्या एका पाहणीतली, उत्तर प्रदेशातल्या तुरुंगांतली, निरीक्षणे निकालपत्रात आली आहेत. या मुलांनी घर म्हणजे काय ते पाहिलेले नव्हते. रस्त्यावरचे जनावर दिसले की ती घाबरत. पुरुष म्हणून त्यांच्या ओळखीचे फक्त पोलीस आणि तुरुंगाचे कर्मचारी. सतत बायकांतच वाढल्याने काही मुलगे स्वतःविषयी मुलींसारखे बोलत. ही उदाहरणे वाचली की पाळणाघराची मागणी किती योग्य आहे ते कळते, आणि नुसत्या पाळणाघराने काय भागणार नाही तेही.

या निकालातला एक निर्देश मला बाकी सगळ्यांहून मोलाचा वाटतो आणि नेमका तोच विसरला गेला आहे. ज्या स्त्रियांची मुले त्यांच्यासोबत तुरुंगात आहेत, त्यांचे खटले न्यायालयांनी प्राधान्याने चालवावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दूध, बारसे, लसी हे तुरुंग अधीक्षकाच्या हातातले आहे. हा एकच निर्देश तुरुंगाच्या आधीच्या टप्प्यावर बोट ठेवतो. आणि सहा वर्षांच्या मर्यादेकडे पाहिले तर त्याची निकड ध्यानात येते. सहा हे पहिलीत बसण्याचे वय. बाहेरची मुले आईचे बोट धरून शाळेत जातात त्या सुमारास हे मूल आईपासून काढून घेतले जाते. आईने सुचवलेल्या नातेवाइकाकडे द्यायचे, नाहीतर संस्थेत. खटला दोन वर्षांत संपला आणि ती सुटली, तर त्या मधल्या काळात मूल तिला परके झालेले असते. कच्च्या कैद्याची तर आणखी एक कोंडी आहे. शिक्षा झालेल्या बाईला फर्लो मागता येतो, पॅरोल मागता येतो, येरवड्याच्या महिलांच्या खुल्या कारागृहाचा विचार होऊ शकतो. जिच्यावरचा आरोप अजून शाबीत व्हायचा आहे तिला यातले काही नाही. तिच्यापुढे जामीन हा एकच दरवाजा. आपल्या व्यवस्थेत दोषी आईला महिनाभर घरी जाता येते आणि कदाचित निर्दोष असलेल्या आईला येत नाही.

प्रश्न आधीच्या टप्प्यावर न्यायचा, हा विचार परदेशातून आणलेला नाही. तो इथला आहे आणि दीडशे वर्षांहून जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यामागचा प्रसंग जोतीरावांनी नंतर सरकारला लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे. काशीबाई नावाची एक विधवा ब्राह्मण स्वयंपाकीण फसवली गेली, तिला मूल झाले, लोकलाजेने तिने ते मारले, आणि तिला अंदमानात जन्मठेपेवर पाठवले. कायद्याच्या दृष्टीने निकाल चुकीचा म्हणता येत नव्हता. खून झाला होता. फुल्यांनी निकालाशी वाद घातला नाही. असा खटला उभाच राहू नये म्हणून काय करता येईल, याचा विचार करून त्यांनी विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे यासाठी आपल्या घराचे दार उघडले. त्याच गृहात जन्मलेला यशवंत पुढे त्यांचा मुलगा झाला. आणि आपल्या वऱ्हाडापुरते बोलायचे तर शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशी ठोठावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आणि पुढे पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांनी समस्त विधवांवर झोड उठवली. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून उलट विचारले की या बाईला इथवर आणणारे पुरुष आणि रिवाज कुठे आहेत? ज्या प्रांतात हे लिहिले गेले, तिथे आज आईच्या अटकेच्या कागदावर मुलांचा रकाना असावा, एवढीही मागणी नवी वाटावी, हे खेदाचे आहे. आईवरचे मराठीतले सगळ्यांत लाडके पुस्तक, ‘श्यामची आई’, साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आपल्याला तुरुंगातला मुलगा आणि त्याची आठवणीतली आई चटकन समजते. तुरुंगातली आई आणि तिचा आठवण काढणारा मुलगा यांच्यासाठी मात्र आपल्या मनात जागा नाही.

नवा कायदा न करताही पुष्कळ काही होऊ शकते. सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगून ठेवले आहे. अजामीनपात्र गुन्ह्यातही आरोपी स्त्री असेल तर जामीन देता येतो. ही तरतूद जुन्या संहितेच्या कलम 437 मध्ये होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेली व्यक्ती कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत राहिली असेल तर तिला सोडावे, असे कलम 479 म्हणते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्याला अपवाद आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्याने लोक आत राहतात, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले की सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली, तीत तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. आपल्याकडे जामीनदार म्हणजे सातबारा. ज्या बाईला सासरने टाकले आणि माहेरचे शेत भावांच्या नावावर आहे, तिच्यासाठी सातबारा घेऊन न्यायालयात उभे कोण राहणार? म्हणून हे दोन उपाय स्त्रियांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. विदर्भातलाच एक निकाल इथे सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्या. ऊर्मिला जोशी-फलके यांनी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटकेत असलेल्या एका गरोदर स्त्रीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगातल्या वातावरणात बाळंतपण झाले तर त्याचा परिणाम आईवर तर होईलच, पण बाळावरही होईल, हे न्यायालयाने विचारात घेतले. गुन्हा गंभीर होता आणि कायदा कडक होता, तरीही वाट निघाली. ती उच्च न्यायालयापर्यंत न जाता तालुक्याच्या न्यायालयातच निघावी, एवढाच मुद्दा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मुलांच्या नावाखाली बायकांना सूट दिली तर टोळ्या बायकांनाच पुढे करतील, गांजाच्या पिशव्या लेकुरवाळ्या बाईच्या हातात देतील. भीती खोटी नाही. आजही असे होते. पण तिचे उत्तर सरसकट नकारात नाही, प्रत्येक प्रकरण तपासण्यात आहे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये देशभरातल्या गरोदर आणि बारा वर्षांखालील मुलांच्या कच्च्या कैदी आयांना तुरुंगाऐवजी घरी नजरकैदेत ठेवावे, असा सामुदायिक आदेश दिला, पण हिंसेचे गुन्हे आणि स्वतःच्या मुलाविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात 2007 मध्ये तीन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या, फसवणुकीत दोषी ठरलेल्या बाईचा खटला आला. शिक्षा ठरवताना मुलांचे हित वेगळे तोलले पाहिजे, असे न्यायमूर्ती ॲल्बी साक्स यांनी लिहिले आणि तुरुंगवासाऐवजी देखरेखीखालची शिक्षा दिली. संयुक्त राष्ट्रसंघाचे 2010 चे बँकॉक नियम तर याहून साधी गोष्ट सांगतात. तुरुंगात जाण्याआधी आईला मुलांची सोय लावू द्या, गरज पडल्यास त्यासाठी कोठडी थोडी पुढे ढकला. यात आरोपी सुटत नाही, खटला बंद पडत नाही. मुलाला आईच्या शिक्षेचा अनाहूत भागीदार होण्यापासून वाचवले जाते, इतकेच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्यांचे मूल गेले, ज्यांची मुलगी हुंड्यापायी जळाली, त्यांच्या घरच्यांनी आरोपी बाईच्या लेकरांचा विचार का करावा? महाराष्ट्रात हा प्रश्न निघाला की कोल्हापूरच्या गावित बहिणींचे नाव निघतेच. लहान मुले पळवून त्यांचे खून केल्याबद्दल त्यांना फाशी झाली होती आणि दयेच्या अर्जावर सरकारने लावलेल्या विलंबामुळे जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. ज्या आयांची मुले त्या प्रकरणात मारली गेली, त्यांच्यापुढे मुलांच्या हिताचे तत्त्वज्ञान सांगायला कुणाची जीभ रेटणार नाही. पण एका भयंकर प्रकरणावरून 1,312 कच्च्या कैदी आयांचे धोरण ठरवता येत नाही. आणि पीडितांच्या बाजूनेच पाहिले तरी, आरोपीच्या सहा वर्षांच्या मुलीची शाळा सुटल्याने त्यांना कोणता न्याय मिळतो? पीडितांच्या मुलांसाठी भरपाई आणि आधार मागणे हा वेगळा हक्क आहे आणि तो जोरात मागितला पाहिजे. दोन्ही मुलांना एकाच सरकारकडून मिळायचे आहे. एकाचे काढून दुसऱ्याला द्यावे, अशी ही वाटणी नाही.

तिसरा आक्षेप सौम्य शब्दांत येतो, पण तो मला सर्वांत घातक वाटतो. ‘अशा बायकांच्या मुलांना घरापेक्षा तुरुंगात बरे खायला मिळते, नाहीतर वसतिगृहात तरी चांगले वळण लागेल.’ यात थोडे सत्य आहे. कुपोषित मूल तुरुंगात येऊन सुधारल्याची उदाहरणे सापडतील आणि काही आयांजवळ मूल असणेच धोक्याचे असते, हेही खरे. तिथे बालकल्याण समितीने मूल वेगळे करावे. पण भूक ही अंगणवाडीची जबाबदारी आहे. ती गावात पार पाडता येत नाही म्हणून मुलाला बराकीत ठेवायचे, हा युक्तिवाद सरकारच्या अपयशाचा दाखला आहे. आणि ‘अशा बायका’ म्हणजे कोण, हे वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेले समाज 31 ऑगस्ट 1952 ला मुक्त झाले, पण चोरी झाली की संशयाने पहिली धाड आजही पारध्यांच्या बेड्यावर पडते. तिथली आई ठाण्यात आणि बापही ठाण्यात, मग पोरे कुठे? अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी काढलेल्या आश्रमशाळेचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ आहे. अशी शाळा एका माणसाच्या जिद्दीवर चालते. तिने एका जमातीच्या अटकेची सवय झाकली जाऊ नये.

बापांचे काय, असेही कुणी विचारेल. विचारावेच, एकट्याने मुले वाढवणाऱ्या बापाला हाच नियम लागू व्हावा. उलट पुरुष बंद्यांसाठी महाराष्ट्राने जे एकदा धाडस केले, ते आयांसाठी का नाही, असे मी विचारेन. औंध संस्थानाने 1930 च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. शिक्षा झालेले लोक, त्यांत खुनाच्या शिक्षेचेही, तिथे कुटुंबासह राहतात, शेती करतात. मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या वसाहतीवरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा जगभर गेला. बायकामुलांसह शिक्षा भोगण्याची ती कल्पना मात्र आटपाडीच्या पुढे फारशी सरकली नाही. कारागृह विभागाचा ‘गळाभेट’ उपक्रम, ज्यात मुलांना जाळीशिवाय आईबापाला प्रत्यक्ष भेटता येते, ही चांगली सुरुवात आहे. पण वर्षातून एखाद्या दिवशीची मिठी आणि रोजचे घर यांत फार अंतर आहे.

आता खर्च. जामिनावर सुटलेल्या आईला सरकारला खाऊ घालावे लागत नाही, तिच्या मुलाला संस्थेत ठेवावे लागत नाही. या आक्षेपावर याहून जास्त शाई घालवण्याचे कारण नाही.

ही पुस्तिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांतले बहुतेक वकील किंवा न्यायाधीश नसतील. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शाळेतले गुरुजी, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटातल्या बाया यांच्यासाठी ती लिहिली आहे, कारण अटकेच्या दिवशी घटनास्थळी तेच असतात. त्यांना माझी विनंती एवढीच. गावातल्या बाईला ठाण्यात नेले की तिची मुले किती, कुठल्या वयाची, दूध पिणारे कुणी आहे का, रात्री कुणाजवळ आहेत, हे एका कागदावर लिहून ठाणेदारांना द्या आणि त्याची प्रत पहिल्या तारखेला तिच्या वकिलामार्फत न्यायालयात दाखल करा. रकाना छापील नसला तरी कागद दाखल झाला की तो खटल्याच्या फायलीत राहतो आणि जामिनाच्या अर्जाला आधार होतो. मूल उघड्यावर पडत असेल तर बालकल्याण समितीला कळवा. नातेवाइकाकडे राहत असेल तर त्याच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. आणि वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज मालेगावच्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा वाशिमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर करता येतो.